मोकळ्या जागेचा खर्च

तरसालीहून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. तिथलं भरती-ओहोटीचं पाणी इतका गाळ ढवळतं की त्यातले मासे एकमेकांना बहुधा आवाजावरूनच ओळखत असावेत. म्हणून आरपार दिसणाऱ्या निळ्या समुद्राची हौस असलेल्या बडोदेकराला तो घरीच करावा लागतो. कृती सोपी आहे. आरओचं पाणी घ्यायचं, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ घालायचं, ढवळत राहायचं आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 वर आलं की समुद्र तयार. आमची टाकी तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. काठोकाठ भरली तर 190 लिटर, म्हणजे मीठ साडेसहा किलोच्या वर.

मीठ म्हटल्याबरोबर समोरचे मोटाभाई सरसावले. देशातलं बहुतेक मीठ आपल्याच गुजरातेत पिकतं, खाराघोड्याला त्यांच्या ओळखीचं कोणीतरी आहे, पोतंच मागवू. मी त्यांना समजावलं की खायच्या मिठात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड असतं, प्रवाळाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागतं, म्हणून हे बादलीतलं मीठ बाहेरच्या देशातून येतं. मोटाभाई काही बोलले नाहीत. 1930 ची दांडी त्यांनी तोंडाने काढली नाही, पण ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

पाण्याचं असं निभावलं. भांडण लागलं ते दगडांवरून.

टाकीत दगड किती घालायचे आणि कसे रचायचे, यावर जगभरच्या खाऱ्या पाण्याच्या शौकिनांत दोन तट आहेत. आमच्याकडे हे दोन्ही तट एकाच सोफ्यावर बसतात. मुलगी फाइन आर्ट्सला आहे. तिचं म्हणणं, दोन दगड, पांढरी वाळू आणि बाकी नुसतं पाणी. आई ऐंशीच्या पुढची. तिच्या हयातीत आमच्या घरातली कुठलीही सपाट जागा दोन दिवसांच्या वर रिकामी राहिलेली नाही. पूर्वी टीव्हीवर क्रोशाचा रुमाल होता, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत प्लास्टिकची फुलं. टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला त्या दिवशी तिचं एक संस्थान खालसा झालं. नवी टाकी हे तिला त्याचं मिळालेलं नुकसानभरपाईचं गाव वाटत होतं.

आईचा आदर्श म्हणजे तिच्या दातांच्या डॉक्टरांकडची टाकी. निळे-गुलाबी खडे, हिरव्या प्लास्टिकचं रान, बुडबुड्यांनी झाकण उघडणारी खजिन्याची पेटी आणि शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या.

"पाणबुड्या तर हवाच," आई म्हणाली.

"आजी, खऱ्या समुद्रात कुठे असतो पाणबुड्या?"

"समुद्रात नाही तर काय डोंगरावर असतो?"

मुलीला यावर उत्तर सुचलं नाही. मला आजतागायत सुचलेलं नाही.

बडोद्यात राहून या वादात पडलं की दोन्ही पक्षांना साक्षीदार मिळतात, ही आणखी पंचाईत. आईच्या बाजूला सबंध लक्ष्मी विलास राजवाडा. मेजर मँटने आराखडा काढला, चिझमने तडीस नेला, 1890 मध्ये पुरा झाला. घुमट, छत्र्या, झरोके, कमानी, रंगीत काचा. दगडाचा एक वीतभर तुकडा त्यांनी कोरल्याशिवाय सोडलेला नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांना विसावा म्हणून मोकळी जागा ठेवली ती सगळी बाहेर, मैदानात. मुलीच्या बाजूला नसरीन मोहम्मदी. 1972 पासून 1990 मध्ये जाईपर्यंत त्या इथे फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या केसासारख्या रेषा आणि बाकी कागद तसाच. ती चित्रं मुलीने आजीला मोबाइलवर दाखवली. आईने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "पूर्ण झाल्यावर दाखवशील ना?"

मग मला भूपेन खक्कर आठवले. बडोद्यातच राहिले, पेशाने हिशेबनीस, आणि चित्रांत घड्याळवाले, शिंपी, बाजारातली साधी माणसं. प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ हातात धरलेल्या माणसाचं त्यांचं चित्र मोठं नावाजलेलं आहे, असं मी आईला सांगून बसलो. मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, ते वेगळं."

"वेगळं काय त्यात?" आई म्हणाली. "फुलं प्लास्टिकचीच ना?"

खरं म्हणजे शास्त्रही बराच काळ आईच्याच बाजूला होतं. जकार्तात राहणाऱ्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी 1961 साली एका अमेरिकन मासिकात लिहिलं की समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवा, थोडी हवा सोडा आणि निसर्गाला त्याचं काम करू द्या. जिवंत म्हणजे दगड हलत नाहीत. त्यांच्या छिद्राछिद्रांत जीवाणू राहतात. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो, तो माशांनाच विषारी. हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी याला स्किमर, म्हणजे पाण्यात बारीक फेस करून त्याबरोबर घाण वर काढणारं यंत्र, जोडलं आणि ती रीतच पडली. हिशेब असा की गॅलनमागे एक ते दोन पौंड दगड. आमच्या टाकीत त्या हिशेबाने 23 ते 46 किलो. म्हणून त्या काळच्या टाक्यांचे फोटो बघावेत तर मागच्या काचेला टेकलेला दगडांचा ढीग, ढिगावर प्रवाळ आणि प्रवाळावर अवघडून लटकलेला मासा.

या ढिगाचा त्रास मागच्या बाजूला सुरू होतो. पाण्याचा प्रवाह तिथे पोचत नाही, उष्टं-खरकटं आणि विष्ठा साचते, नायट्रेट वाढतं, मग पुढच्या काचेवर शेवाळ येतं, आणि माणूस पुढची काच पुसत बसतो.

दगड कुठून आणायचे, हा प्रश्न जामनगरच्या साडूंनी चुटकीसरशी सोडवला. त्यांच्याकडून नरारा जवळ. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात चालत जाऊन प्रवाळ बघता येतात, देशात अशी जागा विरळाच. "येताना एक थैलीभर घेऊन येतो," ते म्हणाले. ते सगळं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 1982 पासूनचं, देशातलं पहिलं. शिवाय 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मी साडूंना विचारलं, "तुम्ही गीरला गेलात तर थैलीतून सिंह आणाल का? कारण कायद्याच्या त्याच यादीत तोही आहे." साडू दुखावले. लग्नात मानपान राहिल्यावर दुखावले होते, त्याच्या जरा खाली. शेवटी छिद्रांचा कोरडा दगड विकत आणला आणि त्यात जीवाणू वस्तीला यावेत म्हणून कित्येक आठवडे रिकाम्या टाकीतलं पाणी फिरवत बसलो. या काळात घरी आलेल्या प्रत्येकाने "मासे कुठायत?" असं विचारलं.

मुलीच्या पाठीशी जपान उभा होता. ताकाशी अमानो हे गोड्या पाण्यातले, पण रचनेच्या बाबतीत खाऱ्या पाण्याचे लोकही त्यांना मानतात. 2015 मध्ये गेले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी 40 मीटर लांबीची टाकी मांडून दिली होती. त्यांनी लोकप्रिय केलेल्या इवागुमी पद्धतीत नुसते दगड बोलतात. एक मोठा दगड कर्ता, बाकीचे त्याच्या मर्जीतले, कर्ता कधीही मधोमध ठेवायचा नाही आणि दगडांची संख्या विषम हवी, म्हणजे नजर दोन सारख्या गटांत वाटली जात नाही. मुलीने आपले दोन दगड अमानोंसाठी तीन केले. आई म्हणाली, "पाच." दोन्ही आकडे विषम असल्यामुळे अमानोंचा निकालासाठी उपयोग झाला नाही.

निकाल बायकोने दिला. तिने ना राजवाडा काढला ना जपान. तिने विचारलं, "मागची काच पुसायला हात जाईल का?" दगड आणि काच यांच्यात चारी बाजूंनी चार बोटं जागा सुटली पाहिजे, हे कलम तिने घातलं आणि एका दमात निम्मा दगड बाद झाला. उरल्या दगडांची दोन बेटं करायची ठरली: एक मोठं डावीकडे, टाकीच्या साधारण एक तृतीयांशावर, दुसरं लहान उजवीकडे आणि मधून पाण्याला वाट. मोठ्या बेटाला पुढे झुकलेला सज्जा, खाली गुहा. गुहा आईसाठी, तिथे काहीतरी ठेवता येईल या आशेवर ती गप्प बसली.

सज्जा हवेत राहायचा तर दगडाला भोक पाडून आत ॲक्रिलिकचा दांडा घालावा लागतो. मकरपुरा जीआयडीसी हाकेवर, भोक पाडणाऱ्यांची तिथे काय वाण. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी दगड हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवला आणि ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंग नाही म्हटल्यावर टॉलरन्स विचारला. मी म्हटलं, "मासा बसला पाहिजे." त्यांनी भोक पाडून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण दुसऱ्या खात्यातल्या माणसांना मला बघायला बोलावलं. बाकीचे सांधे फेवीक्विकच्या जातीच्या गोंदाने जोडले. प्रवाळाचे तुकडेही जगभर त्यानेच चिकटवतात.

टाकी लागली. सुंदर दिसत होती, हे आईनेही कबूल केलं, "सुटसुटीत आहे" या शब्दांत; आणि सुटसुटीत हा शब्द ती एरवी दुसऱ्यांच्या सुनांच्या स्वयंपाकाबद्दल वापरते. मोटाभाई आले, वाकून बघितलं, बाजूने बघितलं. "आटला बधा पैसा, ने अंदर कंई नथी?"

आता त्यांना कसं सांगावं की अंदर कंई नथी म्हणूनच आटला पैसा? दगड कमी केले म्हणजे जीवाणूंची घरं कमी झाली. पण मासे तितकीच घाण करतात, त्यांना इवागुमीशी देणंघेणं नाही. म्हणून टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी, जिला सम्प म्हणतात. तिच्यात जीवाणूंसाठी सिरॅमिकच्या विटा, स्किमर, मोजा लावलेलं गाळण, पाणी वर फेकणारा पंप, बाष्पीभवनाने पाणी उतरलं की आरओचं गोडं पाणी घालणारं यंत्र (पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडंच), आणि या सगळ्यांच्या वायरी. शिवाय चिलर. प्रवाळाला 25 ते 27 अंश लागतात आणि तरसालीत मे महिन्यात 42 म्हणजे लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. चिलर टाकीतली उष्णता काढून हॉलमध्ये सोडतो, म्हणजे मासे हिल स्टेशनला आणि आम्ही तरसालीत. पाहुणे येणार म्हणून हॉल चकाचक करायचा आणि सगळा पसारा बेडरूममध्ये कोंबून दाराला कडी घालायची, ही विद्या आपल्याकडे घरोघरी आहे. साधी, विरळ टाकी म्हणतात ती हीच, फक्त बेडरूमला महिन्याचं वीजबिल येतं. जुन्या ढिगाच्या टाकीत पसारा निदान समोर होता आणि फुकट काम करत होता.

पाणबुड्याचा प्रश्नही त्या कपाटानेच मिटवला. गुहेत तो ठेवू द्यायला मुलगी तयार नव्हती. शेवटी तह होऊन तो सम्पमध्ये, स्किमरच्या शेजारी उभा राहिला. खजिन्याची पेटीही गेली. मुलगी म्हणाली, दिसत नाही ना, मग असू दे. तिला आजीची पुरती ओळख नाही. आता कोणीही आलं की आई वरची टाकी हाताने उडवून लावते, खाली वाकून कपाटाची दारं उघडते आणि म्हणते, "खरं इथे आहे." बुडबुडे, फेस, वायरी, लाल दिवे, झाकण उघडणारी पेटी आणि मध्ये पाणबुड्या. पाहुणे खुर्च्या ओढून कपाटासमोर बसतात.

वरचा मोकळेपणाही टिकाऊ नाही, हे मुलीला उशिरा कळतं आहे. प्रवाळ वाढतात. नखाएवढा चिकटवलेला हिरव्या ताऱ्यांचा तुकडा दगड सोडून मागच्या काचेवर चढला. झेनिया नावाची, मुठी उघडझाप करणारी एक मऊ जात आहे. ती एका बेटावर लावली होती, ती दुसऱ्यावर कधी पोचली ते कोणी पाहिलं नाही. मुलगी कात्री घेऊन छाटत असते, कापलेले तुकडे दुसऱ्या शौकिनांना वाटते, आणि आई मागून सांगते, "राहू दे गं, भरतंय ते."

माशांचं मत विचारायचं राहिलं. क्लाउनफिशची जोडी आहे, बंदिस्त पाण्यात जन्मलेली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही या माशांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडून आणायची गरज नाही. या जातीत सगळे नर म्हणून जन्मतात, त्यातला सगळ्यात मोठा मादी होतो आणि मग घर चालवतो. आमच्याकडच्या बाईंनी मोठं बेट पाहिलं, छोटं बेट पाहिलं, जीआयडीसीतून भोक पाडून आणलेल्या सज्जाखाली एकदा डोकावल्या आणि उजव्या कोपऱ्यात, वर, पंपाचं पाणी जिथून टाकीत पडतं त्या पाइपाच्या तोंडाशी बिऱ्हाड केलं. नवरा मागोमाग. तिथे दगड नाही, प्रवाळ नाही, काही नाही. हे असं टाक्यांमध्ये पुष्कळदा होतं, पण मुलीला ते मनाला लागलं. तिने दोन दिवस पंपाची दिशा बदलून पाहिली. बाईंनी दोन दिवस बिऱ्हाड हलवून पाहिलं आणि पाइपाशीच राहिल्या.

"तिला रचना आवडली नाही का, बाबा?"

मी काही म्हणायच्या आत आईने वर हॉलच्या पंख्याकडे आणि मग माशाकडे बघितलं. "मे महिना आहे. ती वाऱ्याला बसलीय. तूही सरक जरा इकडे, तुझ्यामुळे मला लागत नाहीये."