केबिनमागचा कठडा

सपाट हौद्याच्या ट्रकवर केबिनच्या पाठीमागे उभारलेला पोलादी कठडा, म्हणजे माल पुढे घसरलाच तर तो चालकाच्या पाठीऐवजी लोखंडावर आदळावा म्हणून केलेली सोय, आवश्यक की शोभेची, हा अमेरिकेतला वाद आहे. तेथील नियम मात्र कठड्यापेक्षा बांधणीवर अधिक विसंबतात आणि गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लागला तरी माल जागचा हलू नये, अशी अपेक्षा बाळगतात. पुण्यात हा वाद सहसा उद्भवत नाही, कारण बांधकामाची बारा मीटरची सळई छोट्या टेम्पोत केबिनमागे थांबण्याचे सौजन्यच दाखवत नाही. ती टपावरून पुढे आणि पाडलेल्या फाळक्यावरून मागे डोकावते, आणि शेवटच्या टोकाला बांधलेले लाल फडके हीच सुरक्षा-यंत्रणा मानली जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा बाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपयांचा दंड ठेवला आहे, फडक्याचा रंग कोणताही असो.

नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, जेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये अनेक वाहने एका अपघातात सापडली, जडत्वाचा, म्हणजे गाडी थांबली तरी माल धावतच राहण्याचा, नियम विशेष काटेकोरपणे पाळला जातो. मालकाची अडचण मात्र हिशेबाची असते: कठड्याच्या वजनाइतका माल कमी भरावा लागतो, आणि लिंबू-मिरची वजनकाट्यावर दिसतही नाही.