हातभर व्हेलोसिरॅप्टर, शेपटीसकट

नेरळमध्ये कुणी डायनोसॉर करायला घेतला असे कळले की पहिला प्रश्न येतो, "किती मोठा?" उत्तर "हातभर" असे आले की विचारणाऱ्याचा निम्मा रस संपतो. कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर फार्महाउसांच्या फाटकांवरचे सिमेंटचे सिंह आणि जिराफ पाहून डोळे सरावलेले असतात. त्यांना डायनोसॉर म्हणजे निदान पाण्याच्या टाकीएवढा हवा. शिवाय त्याला दात हवेत. प्रस्तुत लेखकाच्या आराखड्यात दात आहेत, पण त्यांच्याआधी पिसे दिसतात. पिसे म्हटल्यावर उरलेला निम्मा रसही जातो.

प्राणी आहे व्हेलोसिरॅप्टर. १९२३ साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला तो गोबीच्या वाळवंटात सापडला आणि पुढच्या वर्षी हेन्री ऑस्बर्न यांनी त्याचे बारसे केले. मग १९९३च्या 'जुरासिक पार्क'ने त्याला माणसाच्या उंचीचा करून, अंगावरचे सगळे कपडे उतरवून स्वयंपाकघरात सोडले. खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट साधारण दोन मीटर लांब, कमरेपाशी जेमतेम अर्धा मीटर उंच आणि वजनाला पंधरा-वीस किलो. २००७ साली त्याच्या एका नमुन्यात कोपर ते मनगट या भागातल्या हाडावर सहा बारीक उंचवटे दाखवले गेले. पक्ष्यांत अशा उंचवट्यांशी पंखांची मोठी पिसे घट्ट बांधलेली असतात. त्यांच्यातल्या अंतरावरून तिथे चौदा पिसे असावीत असा हिशेब निघाला. म्हणजे नागडा व्हेलोसिरॅप्टर करणे हा आता कल्पनास्वातंत्र्याचा प्रश्न उरलेला नाही, निव्वळ आळस आहे.

शेजारच्या नानांचा आक्षेप वेगळा. "मंगोलियाचा कशाला? आपला एखादा करा की!" मागणी रास्त होती. गुजरातेत रहिओलीला सापडलेला राजासॉरस आहे, २००३ साली नाव मिळालेला, नावातच राजेपण. पण त्याचा दक्षिण अमेरिकेतला नातलग कार्नोटॉरस कातडीच्या ठशांसकट सापडला, आणि त्या ठशांत खवले आहेत, पिसांचा पत्ता नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा म्हणावा तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस. तो लांब मानेचा, झाडपाला खाणारा आणि पिसांच्या बाबतीत तितकाच निरुपयोगी. राहता राहिले नेरळ. दख्खनच्या लाव्हाथरांपैकी एकाला भूवैज्ञानिकांनी चक्क 'नेरळ फॉर्मेशन' हे नाव दिले आहे. तो लाव्हा वाहिला तेव्हा डायनोसॉर अजून जिवंत होते. मात्र तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही, पीस तर दूरच. गावाने डायनोसॉरयुगाला स्वतःचे नाव दिले आणि पुरावा म्हणून काळा दगड ठेवला. नाना हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे नाव आहे, माल नाही."

माप १:४ ठरले. पन्नास सेंटिमीटर लांब, साडेबारा सेंटिमीटरवर कंबर. मापाच्या बाबतीत खरे तर नेरळकरांना शिकवणीची गरज नसावी. त्यांच्या स्टेशनात एकीकडे १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज रूळ आहे आणि दुसरीकडे १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचा ६१० मिलिमीटरचा. पण मिनी ट्रेन हे मॉडेल नव्हे, कारण तिच्यात बसणारी माणसे पूर्ण मापाची असतात. लहान मापाच्या मूर्तीची नेमकी हीच अडचण असते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आपल्या गावठी कोंबड्यांची पिशवीभर पिसे आणून दिली, आणि त्यातले एक पीस आराखड्यावर ठेवताच व्हेलोसिरॅप्टर केळीच्या पानाखाली लपल्यासारखा दिसला. खरे पीस चौपट लहान होत नाही. म्हणून पंखांची मोठी पिसे शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून कापायची आणि अंगावरची बारीक पिसे एकेक न कोरता थराथराने, दाट लवेसारखी काढायची असे ठरले.

काकूंच्या पिसांचा नाही, पण कोंबड्यांचा उपयोग झाला. कोंबडीच्या पायात मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. गुडघा वर, पिसांच्या आत दडलेला. व्हेलोसिरॅप्टरचीही तीच तऱ्हा. फरक चालीत. कोंबडीची मांडी फारशी हलत नाही, पाय गुडघ्यापासून चालतो. डायनोसॉरची मांडी मागेपुढे जाई, कारण मागे वजनदार शेपूट होती. हे पडताळायला चिलीतल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिलांना मागे वजनाची काठी बांधून वाढवले आणि त्यांच्या मांड्या खरोखरच जास्त हलू लागल्या. २०१४ साली निबंध छापून आला, २०१५ साली त्याला इग नोबेल मिळाले. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितला. तेव्हापासून लेखक कुंपणाजवळ दिसला की कोंबड्या खुराड्यात जातात, किंवा घातल्या जातात.

हातांबद्दल मात्र तडजोड नाही. सिनेमातला रॅप्टर तळवे खाली करून पेटी वाजवायला बसल्यासारखा उभा राहतो. त्याच्या हाडांना ते जमतच नव्हते. तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवताना असतात तसे; आणि मनगटात अर्धचंद्राकृती हाड असल्यामुळे हात पक्ष्यासारखा बाजूला दुमडणारा. पिसे मनगटापाशी थांबवून पुढे मोकळी बोटे काढायचा मोह बहुतेकांना होतो. त्याने अंगात लांब बाह्यांचे जाकीट घातल्यासारखे दिसते. पिसे मधल्या बोटापर्यंत गेलीच पाहिजेत.

मग प्रश्न उभे राहण्याचा, शब्दशः. प्रत्येक पायाची दुसऱ्या बोटाची कोयत्यासारखी नखी वर उचललेली, म्हणजे जमिनीवर दोनच बोटे. एकूण चार बोटांवर सगळा डोलारा. जिल्ह्यात पेण असताना सल्ल्यासाठी दूर जायची गरज नव्हती. तिथल्या एका मूर्तिकाराने तारेचा सांगाडा उलटसुलट फिरवून पाहिला आणि सांगितले, "बोटं शाडूची करू नका, एम-सील भरा. आणि पोटाखाली टेका द्या. उंदीर बसवा एखादा." विनोद म्हणून सोडून द्यावा तर १९७१ साली मंगोलियातच एक व्हेलोसिरॅप्टर प्रोटोसेराटॉप्सशी झुंजतानाच गाडला गेलेला सापडला आहे. एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेशी, दुसऱ्याच्या चोचीत पहिल्याचा हात. टेका शास्त्रशुद्ध आणि आयता! पण प्रोटोसेराटॉप्स डुकराएवढा; तो करायचा तर आणखी एक पावसाळा जाईल.

रंगावरून घरात दोन तट पडले. अँकिऑर्निसचा काळापांढरा अंगरखा आणि तांबूस तुरा २०१० साली पिसांतल्या रंगकणांवरून कळला, मायक्रोरॅप्टरची काळी झळाळी २०१२ साली. व्हेलोसिरॅप्टरचे पीसच हाती नसल्याने त्याच्या रंगाला पुरावा नाही, आणि ज्याला पुरावा नाही त्यावर घरातल्या प्रत्येकाचे ठाम मत आहे. मुलीला मोर हवा. लेखकाचे मन भारद्वाजावर: काळे अंग, विटकरी पंख, लाल डोळा, उडण्यापेक्षा चालण्याची आवड. कुंपणाखालून तो जातो तेव्हा नवीन काही कल्पावे लागत नाही. वाळवंटातल्या प्राण्याला हे रंग कसे शोभतील, या मुलीच्या प्रश्नावर मोर तरी कुठे शोभतो, असे उत्तर देऊन विषय पुढे ढकलण्यात आला आहे.

श्रावणात शाडू वाळत नाही आणि गणपतीपर्यंत पेणमध्ये कुणाला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे सांगाडा सध्या फ्रिजवर उभा आहे. व्हेलोसिरॅप्टरची शेपूट हाडांच्या लांब काड्यांनी ताठ झालेली असे, म्हणून तिच्यात दुहेरी तार घातली आहे. घरच्यांनी परवा तिच्यावर स्कूटरची किल्ली अडकवली. शेपूट वाकली नाही. आता दुधाच्या कुपनांसाठी नाकाशी एक चिमटा लावावा, म्हणजे तोलही सांभाळला जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे.