जंबुद्वीप टच

रोज सकाळी पावणेसातला माझ्या फोनमध्ये धुकं उतरतं. "सुप्रभात. डोंगराच्या कुशीत, ढगांनी दाराशी येऊन विचारपूस करावी असं आपलं हक्काचं घर. लोणावळा परिसर. फक्त पाच प्लॉट शिल्लक." तीन वर्षं मी हे वाचतोय. या तीन वर्षांत भाव चारदा वाढले, धुकं दाट होत गेलं, प्लॉट मात्र पाचच राहिले. द्रौपदीच्या थाळीनंतर न संपणारी ही दुसरीच गोष्ट.

पाठवणाऱ्याचं नाव माझ्या फोनमध्ये 'आप्पा प्लॉट' असं आहे. आडनाव कधी विचारलं नाही, कारण गरज पडत नाही. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, पवनानगर, कुठल्याही चौकात असा एक आप्पा असतोच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन फोन, बोलेरोच्या मागच्या सीटवर सातबाऱ्यांची फाइल, गमबूट आणि पार्टीसाठी चिक्कीचं पाकीट. गिऱ्हाइकाला या धंद्यात पार्टी म्हणतात. जेवणाची पार्टी वेगळी, ती दस्त झाल्यावर.

पूर्वी आप्पा दूध घालायचे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मुंबई जवळ आली आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागली. जुन्या हायवेवर काच खाली करून रस्ता विचारणाऱ्यांना उत्तरं देता देता आप्पांच्या लक्षात आलं, की रस्त्यानंतरचा दुसरा प्रश्न कायम एकच असतो: "इथं गुंठ्याला काय भाव चाललाय?" दुधाला असा भाव कुणी कधी विचारला नव्हता.

लेखनाकडे आप्पा कसे वळले, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. "सुरुवातीला मी लिहायचो, अकरा गुंठे, रोड टच, लाईट जवळ. आठवड्यात एक फोन आला, तोही मीटर बसवणाऱ्याचा. मग एकदा पोरीच्या वहीतला 'पावसाळ्यातील एक दिवस' जसाच्या तसा टाकला आणि खाली माझा नंबर. दुपारपर्यंत सतरा फोन! पार्टीला गट नंबर कळत नाही साहेब, धुकं कळतं." बाईंनी त्या निबंधाला दहापैकी सहा गुण दिले होते. आप्पांना त्यावर एक टोकन मिळालं. तेव्हापासून मजकुराचं खातं मुलीकडे आहे. ती आता बारावीला आहे आणि मजकुरात 'अंतर्मुख' हा शब्द येऊ लागलाय.

आप्पांच्या गद्यात अंतर किलोमीटरमध्ये नसतं, मिनिटांत असतं. 'लोणावळ्यापासून दहा मिनिटं.' कोण, कशावर बसून आणि कोणत्या वारी, हे लिहायचं नसतं. जुलैतल्या रविवारी भुशी डॅमच्या रस्त्यावर दहा मिनिटांत माणूस एका कणसाच्या गाडीपासून पुढच्या कणसाच्या गाडीपर्यंत पोचतो. 'डॅम व्ह्यू' असं लिहिलेल्या एका प्लॉटवर मी डॅम शोधत होतो, तर आप्पांनी मला बोलेरोच्या टपावर चढवलं. पाण्याची एक चकाकती रेघ दिसली. "तुमचं घर दुमजलीच होणार की," ते खालून म्हणाले.

२०१७ मध्ये महारेरा आलं. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक देणं सक्तीचं झालं. एजंटांनाही नोंदणी लागली आणि पुढे परीक्षाही आली. आप्पांनी दहावीनंतरची पहिली परीक्षा दिली, पास झाले, पेढे वाटले. आता क्रमांक असतो, बारीक अक्षरात. विशेषणांची नोंदणी करायला मात्र अजून कुठल्या कायद्यानं सांगितलेलं नाही.

पण हाच माणूस जमिनीवर उभा राहिला की बदलतो. लिहिताना कवी, बोलताना तलाठी. पहिला प्रश्न, "साहेब, शेतकरी दाखला आहे का?" १९४८ च्या कूळकायद्यानं शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे एरवी गावाकडच्या चुलत्यांचे फोन न उचलणारे लोक मावळात जागा घ्यायची म्हटलं, की आजोबांच्या गावी नारळ घेऊन जातात. माझं नाव कोकणातल्या एका सातबाऱ्यावर एकोणतीस चुलत्यांच्या खाली सापडलं, तेव्हा माझ्यापेक्षा आप्पांनाच जास्त आनंद झाला. वाट्याला तिथली किती जमीन येते, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे चटई टाकता येईल," ते म्हणाले, "पण दाखला निघतो."

गेल्या मे महिन्यात त्यांनी मला मळवलीजवळ एक जागा दाखवली. मागे लोहगड-विसापूर, समोर कार्ल्याचा डोंगर. मजकुरात धबधबा होता, जागेवर एक काळा कातळ होता. "धबधबा रजेवर आहे, जूनमध्ये हजर होईल," म्हणत आप्पांनी सातबारा काढला आणि पोथी वाचावी तसा वाचू लागले. 'इतर हक्क' हा रकाना आला आणि आवाज खाली गेला. "ही घेऊ नका साहेब. दोन बहिणींची हक्कसोड झालेली नाही. आज राखी बांधायला येतात, उद्या दस्ताला वकील घेऊन येतील."

मग सवयीनं खाली वाकून त्यांनी ढेकूळ फोडलं, बोटांत चोळलं. "इंद्रायणी काय पिकते इथं!" वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या या वाणाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा दूध घालणाऱ्या आप्पांचा झाला होता.

"मग हे लिहा की मजकुरात!"

"वेडे का काय? भात पिकतो म्हणजे पाणी साचतं. पार्टी पायाच्या खर्चाला घाबरते."

मी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "आप्पा, तुमच्या धंद्याचे आद्यपुरुष तिकडे आहेत. एकवीरेच्या देवळामागच्या चैत्यगृहात शिलालेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल शेठनी लिहून ठेवलंय, की हे शैलगृह आम्ही पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. दोन हजार वर्षं होत आली."

आप्पा थबकले. "जंबुद्वीप म्हणजे?"

"तेव्हाचा सगळा भारत समजा."

"आम्ही तालुक्याच्या पुढं जायला बिचकतो," ते हळूच म्हणाले.

"अजून ऐका. नहपानाचा जावई उषवदात यानं करजिक नावाचं गाव तिथल्या भिक्षूंना दिलं. मग सातवाहनांचं राज्य आलं. त्यांच्या राजानं मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला हुकूम धाडला आणि तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा दिलं. दोन्ही लेख दगडात आहेत."

"दुबार दस्त!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आणि नाव आमचं खराब."

"फरक एवढाच, की भूतपालानं डोंगर आधी कोरून पुरा केला आणि जाहिरात मग लिहिली."

आप्पांनी डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. "त्यांचं बरं होतं," ते म्हणाले. "कातळात पाणी साचत नाही. आणि कातळाला बहिणी नसतात."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला फोन वाजला. "सुप्रभात. जंबुद्वीपातील सर्वोत्तम लोकेशन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रेष्ठींची पसंती, आता आपल्यासाठी. कार्ला लेणी फेसिंग. फक्त चार प्लॉट शिल्लक."

चार! तीन वर्षांत आकडा पहिल्यांदाच हलला होता. मी लगेच फोन लावला. "अभिनंदन आप्पा! एक गेला वाटतं?"

"गेला नाही, काढला," आप्पा म्हणाले. "तो बहिणींचा होता."