आंबागड परिसरात पक्षी टिपण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका तुमसर तालुक्यातील आंबागडचा डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावरचे जंगल, भोवतालचे तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या एवढ्याच क्षेत्राला लागू आहे. अन्यत्र वापरून फोटो बिघडल्यास तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. मार्गदर्शिका सर्व छायाचित्रकारांसाठी आहे. तथापि शनिवारी रात्री नागपूरहून आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या आमच्या साडभाऊंनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. नाव घालत नाही. त्यांना कळेल.

आधी थोडा इतिहास, कारण शास्त्रात तो असावा लागतो. आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमदानीत राजे खान पठाण याने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तो तुरुंग म्हणून वापरला. नागपूर वसवण्याचे श्रेयही याच बख्त बुलंदाला दिले जाते. म्हणजे किल्लाही त्याचा आणि किल्ल्यावर दर रविवारी होणारी स्वारीही मुळात त्याच्यामुळेच.

नियम १. उठावे.

पक्ष्यांचा फोटो सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत काढावा. तेव्हा ऊन तिरपे आणि मऊ असते, पाखरे भुकेली असतात आणि सावल्या डोळ्यांत पडत नाहीत. त्यासाठी गजर लावावा. पण तो आपण स्वतः उठण्यासाठी असतो, हे ध्यानात ठेवावे. साडभाऊंच्या मोबाइलचा गजर पावश्याच्या आवाजाचा आहे. भर जानेवारीत पहाटे साडेचारला पावश्या ओरडायला लागला की आमची आई अंथरुणात उठून बसते आणि बियाणं आलं का म्हणून विचारते. मी उठतो, बायको उठते, गोठ्यातली म्हैस उठते. साडभाऊ कूस बदलतात.

नियम २. साहित्य बेताचे असावे.

मोठी लेन्स असणे हा गुन्हा नाही. पण ती तिकाटण्यावर चढवून, पातळी साधून, पट्टा गळ्यातून काढेपर्यंत खंड्याने मासा धरलेला, आपटलेला आणि गिळलेला असतो. त्यापेक्षा जाड कापडाची हातभर पिशवी शिवून तीत धान भरावे. बांधावर, दगडावर, गाडीच्या खिडकीवर ती टाकली की लेन्स तिच्यात रुतून बसते आणि हलत नाही. बाजारात अशी रिकामी पिशवी बऱ्याच पैशांना मिळते. भंडारा जिल्ह्यात निदान भरायला काय घालावं हा प्रश्न पडू नये. तरी साडभाऊंनी पहिल्यांदा थर्मोकोलच्या गोळ्या आणल्या होत्या. वारं आलं आणि अर्धी पिशवी तुमसरच्या दिशेने गेली.

नियम ३. वेश.

मातकट, मळकट, पूर्ण बाह्यांचा. पांढरा आणि भडक रंग वर्ज्य. जंगलात मिसळून जाण्यासाठी पानांची नक्षी असलेले जॅकेट घेतल्यास निदान ती पाने कुठल्या झाडाची आहेत ते पाहावे. आमच्या पाहुण्यांच्या जॅकेटवर जे झाड आहे ते सातपुड्यात उगवत नाही. मोह, तेंदू आणि सागाच्या रानात पाहुणे उभे राहिले की कोतवालसुद्धा फांदीवरून वाकून बघतो.

वास्तविक पाखरे कपड्यांना जेवढी बिचकतात त्याहून जास्त माणसाच्या उभ्या आकृतीला बिचकतात. बैलगाडी, ट्रॅक्टर, म्हैस यांना ती भीत नाहीत. म्हणून रस्त्याकडेच्या तारेवरचा नीळकंठ गाडीत बसूनच, इंजिन बंद करून टिपावा. दार उघडून खाली उतरलात की नीळकंठ गेला.

नियम ४. बसावे.

नियम ५. बसूनच राहावे.

या नियमावर साडभाऊंचा आणि माझा जुना तंटा आहे. त्यांना पक्षी नको असतो. ग्रुपवर कोणीच अजून न टाकलेला पक्षी हवा असतो. त्यासाठी ते सकाळभर चांदपूरचा तलाव, मग बावनथडी, मग परत आंबागड अशी मोटार फिरवतात, आणि आंबागडच्या पायथ्याच्या बोडीवर वेडा राघू एकाच काटकीवरून उडून माशी पकडतो, त्याच काटकीवर परत येऊन बसतो, पुन्हा उडतो, पुन्हा येतो. ज्याला फोटो पाहिजे त्याने त्या काटकीवर नेम धरावा आणि चहा प्यावा. खंड्याचेही तेच, कोतवालाचेही तेच. शिकरा उडण्याआधी बहुधा शिटतो; तेव्हा तो शिटला की बोट कळीवर ठेवावे. ही माहिती सभ्य पुस्तकांत शोधत बसू नये.

उडत्या पाखराला शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतके जलद ठेवावे, बसलेल्याला पाचशेवा भाग पुरे. नेम डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट आला तर शेपूट धूसर चालते. उलट चालत नाही. साडभाऊंच्या संग्रहात शेपटांचा विभाग समृद्ध आहे.

नियम ६. काळे आणि पांढरे.

कॅमेऱ्याला वाटते की जग करड्या रंगाचे आहे. त्यामुळे हिरव्या धानातला पांढरा बगळा तो चुन्यासारखा भक्क करतो आणि आभाळापुढचा कोतवाल कोळसा करून टाकतो. बगळ्याला उजेड एक पायरी कमी करावा, कोतवालाला एक-दीड पायरी वाढवावा. एवढे जमले की अर्धी विद्या आली.

नियम ७. ऋतू पाहून यावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी तलाव धरावेत. आमच्या जिल्ह्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले ते ओलितासाठी. पण हिवाळ्यात त्यांचा लाभ तलवार बदक आणि लालसरीसारखे पाहुणेही घेतात. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेपर्यंत राज्याचा पक्षिसप्ताह असतो: ५ हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ हा सलीम अलींचा. चितमपल्ली आमच्या शेजारच्याच नवेगावबांधला वनखात्यात होते. त्या आठवड्यात तलावावर पाखरांपेक्षा टोप्या जास्त दिसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला एक पळस निवडावा आणि उन्हाला पाठ करून त्याच्यासमोर बसावे. मैना, शिंजीर, बुलबुल, कोतवाल, सगळे मधासाठी तिथेच येतात. आपण हिंडायची गरज उरत नाही. एप्रिल-मेमध्ये आटत चाललेला पाणवठा. पावसाच्या तोंडावर नवरंग. आपला राज्यपक्षी हरियाल पिकलेल्या उंबरात सापडणार नाही, कारण तो पानांत पान होऊन बसतो. सकाळी तो ऊन खायला निष्पर्ण शेंड्यावर येतो, तेव्हा पाहावा. म्हणजे पुन्हा नियम १.

नियम ८. बांधीत पाय घालू नये.

रोवणी झालेल्या बांधीत फोटोसाठी उतरणाऱ्याला शास्त्रात प्रायश्चित्त नाही. धुऱ्यावरून चालावे, तेही धुरा खचणार नाही अशा बेताने. भंडारा-गोंदियाच्या धानात सारस येतो. उभा राहिला तर पाच फुटांहून उंच, आणि महाराष्ट्रात आता मोजकेच उरलेले. पावसाळ्यात तो धानातच घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. जवळ गेलात तर जोडीतले जे अंड्यांवर बसलेले असेल ते उठते, आणि कावळे तेवढ्याचीच वाट पाहत असतात. सारस दुरून, लहान, धानाच्या हिरव्यासकट काढावा. तो फोटो जास्त खराही असतो.

नियम ९. पाखराला फसवू नये.

मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवली की खरा नवरंग धावून येतो हे सत्य आहे. त्याला वाटते, हद्दीत दुसरा कोणी घुसला. तो पिलांना भरवायचे सोडून त्या नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. आपल्या वाटणीच्या धुऱ्यावर कोणी रोज येऊन खोटी मोजणी करून गेलं तर तुम्ही काय कराल, असं मी साडभाऊंना विचारलं. सासऱ्यांच्या शेताचा विषय निघाल्यासारखं वाटून ते गप्प झाले. पण तेव्हापासून मोबाइल खिशात असतो, हे कबूल केलं पाहिजे.

नियम १०. पाय कापू नयेत.

बोडीवर पऱ्हे धुणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी साडभाऊंना विचारलं, "काजी भाऊ, पाखराचे फोटो काढून का करता?"

"छंद आहे, मावशी."

"कोनी इकत घेते का?"

"नाही."

"मंग ह्या नळ्याले किती लागले?"

साडभाऊंनी खरा आकडा सांगितला; मीही तो तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मावशींनी मनात बैलजोड्या मोजल्या, काही बोलल्या नाहीत. मग बोडीतल्या उघड्या चोचीच्या करकोच्याकडे हात करून म्हणाल्या, "हा रोज येते. ह्याचा एक फोटो मले पायजे."

आता साडभाऊंबद्दल काहीही बोला, पण पुढल्या खेपेला त्यांनी तो फोटो मोठा करून, चौकट लावून आणला. ग्रुपवरच्या कौतुकासाठी मान ताठ करणारा हा माणूस मावशींच्या दारात नापास झालेल्या पोट्ट्यासारखा उभा होता. मावशींनी फोटो उजेडात धरून नीट पाहिला. चोचीतली फट दाखवली, गोगलगाय दाखवली. मग विचारलं, "अन् पाय कुठी हायेत?"

त्यावरून नियम असा: पक्षी पाण्यात उभा असला तरी चौकटीत त्याच्या बुडालेल्या पायांसाठी जागा ठेवावी, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबासाठीही. पाय कापलेला फोटो मावशींच्या भिंतीवर आहे. दुसरा आणून देतो म्हटलं तर त्या नको म्हणाल्या.

नियम ११. घरटे.

काढू नये. दाखवू नये. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते, आणि महिनेच्या महिने नव्हे तरी कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिलांनाही भरवतो. खाली लेन्सांची रांग लागली की नर दूरच्या झाडावर ताटकळतो, आणि आतल्यांना उपास पडतो. म्हणून फोटोखाली ठिकाण लिहिताना ‘भंडारा जिल्हा’ एवढेच लिहावे. त्याहून जास्त विचारणाऱ्याला हवापाण्याबद्दल सांगावे.

आंबागडच्या रानात धनेशाची ढोली मला ठाऊक आहे. साडभाऊंनी खूप विचारलं, मेहुणीनेही मध्यस्थी करून पाहिली. मी सांगितलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात पिलं उडून गेल्यावर ते त्याच झाडाखाली टेकून बसले, "या बाजूला काहीच नाही बुवा" म्हणाले आणि माझ्या वाटणीचाही आलुबोंडा खाऊन गेले.