सुताभर राह्यलं

राजूर कॉलरीत पत्ता विचारला की निम्मे लोक एकच खूण सांगतात : "बिनबॉनेटची जीप दिसन, तिथून डाव्या हाताले." ती जीप भाऊंची. भाऊ म्हणजे कोळसा खाणीच्या वर्कशॉपातले निवृत्त फिटर. निवृत्त हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. "माणूस रिटायर होते जी, पाना नाई होत."

जीप महिंद्राची. कागदावर 1968 साल, नंबर एमएच-29 सुरू व्हायच्या आधीचा. पाहुण्याला पाणी मिळायच्या आत भाऊ तिची वंशावळ सांगून मोकळे होतात. 1947 साली मुंबईत महिंद्रानं विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, इथून ते निघतात आणि उंच बॉनेटवर येऊन थांबतात. बॉनेट उंच का? तर खालचं इंजिनच उंच, त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर डोक्यात बसवलेले. हे सांगताना ते बॉनेट उचलून दाखवायला हात पुढे करतात, आणि बॉनेट जाग्यावर नसतं.

ते भिंतीला टेकवलेलं असतं. मूळचं लोखंडी कडेकडेनं गंजलं, म्हणून भाऊंनी फायबरचं करून घेतलं. केलं कुणी, तर कूलरच्या फायबर बॉड्या बनवणाऱ्या कारागिरानं. लोखंडी बॉनेटवरच साचा घेतला, मॅटचे थर दिले, रेझिन ओतलं. काम निघालं नेमकं मे महिन्यात. त्या उन्हात हार्डनर कालवून ब्रश शोधेपर्यंत रेझिनचा मग्ग्यातच गोळा व्हायचा. शेवटी पहाटे उठून थर लावले. कानस मारून मारून भाऊंच्या हातांना काचेच्या भुकटीची खाज सुटली, ती पावडर लावून काढली. पण तक्रार नाही. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर बॉनेट एका हातानं उचलायचं आणि म्हणायचं, "हलकं पाहा किती हाय!"

हलकं आहे, हीच तर गोम. लोखंडी बॉनेट आपल्या वजनानं गप बसायचं. हे बसत नाही. डावीकडं दाबलं की उजवीकडं उठतं. मग भाऊ बिजागरीखाली ट्यूबच्या तुकड्यांचं पॅकिंग देतात, एक डोळा मिटतात, फटीत हॅक्सॉ ब्लेड सरकवून पाहतात आणि निकाल देतात : "सुताभर राह्यलं."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्यासाठी रस्त्यावरचा कोणीही धरला जातो. "जरा धरता का जी?" पोस्टमन, शाळेतले गुरुजी, कूपन वाटणारा पोरगा, सगळ्यांनी त्या बॉनेटचा एकेक कोपरा धरलेला आहे. धरणाऱ्याला सूचना मिळतात : "दाबू नोका, नुसतं धरा. आता दाबा. इतकं नाई!"

एकदा एका उत्साही पोरानं भाऊंचं लक्ष नसताना बोल्ट कचकचून आवळला. फायबरला लोखंडासारखं आवळून चालत नाही, खाली रुंद वॉशर लागतो. कड् असा आवाज झाला आणि बोल्टाभोवती चांदणीसारखी चीर पडली. भाऊ पोराला काहीच बोलले नाहीत. आत जाऊन आडवे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे लांबी भरायला हजर.

रंगाचं वेगळंच. राजूरमध्ये एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या. पांढरा दिला तर कोळसा दिसतो, काळा दिला तर चुना. दोन्ही देऊन झाले, आता राखाडी आहे. त्यावर काहीच दिसत नाही. भाऊंच्या मते बॉनेटही दिसत नाही.

एकदा ते नीट बसलं होतं. भाऊ थेट वणीच्या रस्त्याला लागले. समोरून कोळशाचा हायवा सुसाट गेला, त्याच्या वाऱ्यानं बॉनेट उचललं आणि काचेवर आपटलं. तेव्हापासून मडगार्डवरच्या कॅचशिवाय सायकलच्या ट्यूबचा एक पट्टाही असतो.

तरी गाडी "पूरी ओरिजनल". 2021 साली नियम आला, 50 वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद होते, पण तिचं मूळ रूप शाबूत हवं. कुणीतरी खवचटपणे विचारलं, मग फायबरचं काय? भाऊ शांतपणे म्हणाले, "बॉनेट गाडीत मोजते का जी? ते तं टोपी हाय."

जुनं लोखंडी बॉनेट काकूंनी ताब्यात घेतलं आहे. अंगणात दोन विटांवर पालथं घालून त्यावर लुगडं पसरतात आणि मिरच्या, मुगवड्या, कुरड्या वाळवतात. उन्हात पत्रा असा तापतो की वड्या एका दिवसात खडखडीत. पुतण्याच्या लग्नात वरात जीपमधून काढायचं ठरलं आणि ऐन वेळी फायबरला चीर. भाऊंनी जुनं बॉनेट मागितलं. काकू म्हणाल्या, "मिरच्या वाळून रायल्या. तुमची वरात नाई अडली." वरात निघाली, उघड्या इंजिनानं, रेडिएटरला झेंडूचा हार घालून. नवरदेवापेक्षा जास्त फोटो इंजिनाचे निघाले.

गंमत अशी, की शेजाऱ्याचा पंप, कुणाचा कूलर, पोरांच्या सायकली भाऊंच्या हातून दहा मिनिटांत दुरुस्त होतात, आणि पुन्हा बिघडत नाहीत. सुताचा प्रश्न फक्त स्वतःच्या जीपपुरता. याचं उत्तर काकूंना ठाऊक आहे : "बसलं तं उद्या काय करतीन हे?"

प्रत्येक गावात असा एक माणूस असतो. कुणाची जीप, कुणाची राजदूत, कुणाचा व्हॉल्व्हचा रेडिओ. काम पुरं करायची त्याला घाई नसते, कारण कामाच्या निमित्तानं चार माणसं दाराशी थांबतात. तेव्हा वणीकडून राजूरला गेलात आणि कुणी हाक मारली, तर उशीर होतोय म्हणू नका. एक कोपरा धरा. चहा मिळेल. "बसलं का जी?" असं विचारलंच, तर "मस्त बसलं" म्हणा, आणि उजवीकडं अजिबात पाहू नका.