टप काढून जिंतूर

भाचा आणि भाचेसून रोम पाहून आले आणि दिवाळीला आमच्याकडे जिंतूरला आले. फराळाचं ताट पुढं यायच्या आत फोन पुढं आला. रोम सातशे फोटोंत मावलं होतं. पहिल्या तीनशे फोटोंना मी "वा!" म्हणालो, पुढच्या दोनशेंना "हं", आणि मग एका फोटोवर बोट ठेवून सरळ विचारलं, "ही आपे कुणाची?"

फोटोत मागं कलोसियम होतं. पुढं एक तीनचाकी, फिक्या निळ्या रंगाची. टप मागं दुमडलेला, हँडलवर गॉगलवाला ड्रायव्हर, आणि मागच्या पांढऱ्याशुभ्र सीटवर आमची दोघं, नुकताच राज्याभिषेक आटोपल्यासारखी.

"मामा, आपे काय म्हणता! कॅलेसिनो आहे ती. ओपन-टॉप सिटी टूर. विथ शोफर."

"किती घेतले?"

"तीन तासांचे दीडशे युरो."

"म्हणजे पंधरा हजार?" आमच्या हिनं चकल्यांचा डबा खाली ठेवला. "आपेला?"

तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मी. हातात घेतलेला देश असा अर्ध्यात सोडून देणं मला जमत नाही. रात्री चष्मा लावून बसलो आणि सकाळी चहाबरोबर निकाल जाहीर केला. आपे हा शब्द आपला नव्हेच, अस्सल इटालियन आहे. अर्थ मधमाशी. तिची थोरली बहीण व्हेस्पा 1946 सालची, म्हणजे गांधीलमाशी. दोघींचा जन्मदाता एकच, कोराडिनो दास्कानियो. हा मूळचा विमानाचा इंजिनिअर. 1930 साली त्यानं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं होतं. महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत चारचाकी टेम्पो घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. म्हणून 1948 मध्ये स्कूटरच्या मागं दोन चाकं आणि एक हौदा जोडून ही मधमाशी बाजारात सोडली. गाडी विमानवाल्यानं बनवलेली आहे हे कळल्यावर मला एक जुनं कोडं उलगडलं. आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांवर ती मधूनमधून जमीन का सोडते, त्याचं कारण वंशात आहे.

"आणि कॅलेसिनो?" भाच्यानं जरा दबकतच विचारलं.

"कॅलेसे म्हणजे एका घोड्याची हलकी गाडी. कॅलेसिनो म्हणजे तिचं धाकटं रूप. म्हणजे टांगा."

पंधरा हजार देऊन आपण टांग्यातून फिरलो, हे पचायच्या आत मी पुढचा घास भरवला. 1999 पासून या आपे आपल्या बारामतीत तयार होतात. युरोपात विकलेल्या कॅलेसिनोंपैकी काही बारामतीहूनच गेलेल्या. आणि 2024 संपता संपता इटलीतल्या पोंतेदेराच्या मूळ कारखान्यात आपे बनवणं बंद झालं. आता तिचं सगळं भारतात. थोडक्यात, मधमाशीचं माहेर उठलं आणि ती कायमची बारामतीला नांदायला आली. पुण्याचं हे जोडपं मात्र तिला भेटायला रोमला जाऊन आलं.

"उद्या मी तुम्हाला जिंतूर दाखवतो," मी म्हणालो. "ओपन-टॉप. विथ शोफर."

ओपन-टॉपचं आम्हाला अप्रूप नाही असं कुणी समजू नये. लहानपणी लग्नाच्या मोसमात जीपच्या टपावर बसून आम्ही किती वऱ्हाडं गाठली असतील! खाली मानाची माणसं, टपावर पोरं आणि रुखवताची पेटी. वाटेतली बाभळ वाकून चुकवायची, विजेच्या तारेला नमस्कार करायचा. पण ती ओपन-टॉप जागा न मिळाल्यामुळं होती. हौसेनं उघड्या गाडीतून मिरवायचा योग आमच्याकडे माणसाला दोनदाच येतो. एकदा नवरदेव झाल्यावर आणि एकदा निवडून आल्यावर. मी एकदाच मिरवलोय. तेव्हाही डोळ्यांपुढं मुंडावळ्या होत्या, दिसलं काहीच नाही.

शोफर म्हणून माझा एक जुना विद्यार्थी ठरवला. स्टँडबाहेर त्याची आपे असते. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत आग घालणारा, हे मी त्याला कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "मंग बराबर हाय सर. डिझेलचा भाव ऐकला की तसंच व्हायलंय." त्याला सगळा बेत समजावला. त्यानं फोटो नीट पाहिला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"सर, हे तेच इटली ना? नकाशात बूट उलटा काढला म्हणून तुम्ही मला अंगठे धरायला लावले होते?"

मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. अंगठे धरणाऱ्याला आठवतं, हे मास्तरकीचं एक तत्त्व आहे.

"टप काढायचाय," मी विषय बदलला.

"कामून?"

"वरचं आकाश दिसावं म्हणून."

त्यानं आकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं, हे त्यानं बहुधा घरातल्या कुणावरून ताडलं असावं. पण सरांचा शब्द. त्यानं रेक्झिनचा टप सोडला, गुंडाळला आणि सीटखाली कोंबला.

"इटलीत सीट किती घेतेत?"

"दोन. फार तर तीन-चार."

"अन् गाडी भरायच्या आधीच सोडतेत?" त्याचा चेहरा खरोखर कळवळला. "कसं परवडत असंल बिचाऱ्यांना!"

आपेत चौघंच बसण्याचा अनुभव शब्दांत मांडणं कठीण आहे. इतकी वर्षं मी या गाडीतून गेलो ते शरीराचे हप्ते पाडून. एक मांडी आत, एक दुसऱ्याच्या पिशवीवर, मान कुणाच्या तरी काखेखाली. पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोघं दोघं, त्यामुळं ड्रायव्हर स्वतःच्याच गाडीत पाहुणा. आणि दर थांब्यावर एक हाक: "सर, सरा जरा." माझ्या विद्यार्थ्यांनी मला आदरानं सर म्हटलं की जागा करायला सर म्हटलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मात्र सरायला कुणी सांगेना. मी आपणहून दोनदा सरलो. सवय.

सकाळी सुशीला खाऊन निघालो ते आधी नेमगिरीला. गावापासून तीनेक किलोमीटर. रोम सात टेकड्यांवर वसलंय, असं भाचा सांगत होता. आमच्याकडे नेमगिरी आणि चंद्रगिरी अशा दोनच. पाच कमी पडतात खऱ्या, पण आमच्या दोन्ही अजून टेकड्याच आहेत. त्यांच्या डोक्यावर शहर बसलेलं नाही. जिंतूरचं जुनं नाव जैनपूर होतं असं सांगतात, आणि नेमगिरीच्या गुहेतल्या जैन मूर्ती पाहिल्या की ते पटतं. आत शिरायला वाकावं लागतं आणि आत गेल्यावर मान वर करावी लागते. एवढ्याशा दारामागं एवढी मोठी मूर्ती असेल अशी तयारीच नसते मनाची. अंतरिक्ष पार्श्वनाथांची ती भव्य पाषाणमूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली. मी भाच्याला फोन खिशात घालायला लावला. त्यामुळं त्याला ती डोळ्यांनी पाहावी लागली. बाहेर आल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, लहानपणी इतक्या सुट्ट्या तुमच्याकडे काढल्या. इथं का नाही आणलंत कधी?"

मी गाडीत बसून घेतलं.

तिथून जालना रोडनं चारठाण्याकडं निघालो. दोन्हीकडं कापूस फुटलेला, वेचणीवाल्या बाया ओळीनं वाकलेल्या, कुठं सोयाबीनचं खळं चाललेलं. रस्ता मी हजार वेळा गेलेला. पण या रस्त्याला डावीकडं काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं, कारण डावीकडं नेहमी कुणीतरी बसलेलं असे. आमची वरात पाहून बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. टप काढलेली आपे, त्यात गॉगल लावलेली सून, टोपी घातलेला मी. एकीनं ओरडून विचारलं, "कोन निवडून आलं वं?"

मध्येच गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बोचकं घेऊन उभी होती.

"अरे, ही प्रायव्हेट टूर आहे," भाचा कुजबुजला.

"हाव ना. पन म्हातारी उन्हात हाय," शोफर म्हणाला. त्याच्या दृष्टीनं या दोन वाक्यांत कसलाही विरोध नव्हता. म्हातारी चढली, सूनबाईच्या शेजारी ऐसपैस बसली, वर पाहिलं आणि म्हणाली, "टप उडाला व्हय रे बाबा? आडोशाला तरी लावायची गाडी वारं सुटल्यावर."

आणि चारठाण्याची गाईड आम्हाला अशी वाटेत मिळाली. रोममध्ये कानात घालायचं यंत्र देतात. इथं त्याची गरज नव्हती. म्हातारीचा आवाज मागच्या एसटीपर्यंत जात होता. "तीनशे साठ देवळं व्हती म्हणतेत आमच्या गावात. दिवसाला एक देऊळ केलं तर वरीस सरंल." सूनबाईनं विचारलं, आता किती आहेत? म्हातारी म्हणाली, "देव तेवढेच हायेत बाई. देवळं कमी झाली."

गोकुळेश्वराचं मंदिर पाहिलं, नृसिंहतीर्थाच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढलो, आणि मग त्या कोरीव दगडी स्तंभापाशी सूनबाई थबकली. "अगदी ट्रेजनचा स्तंभ!" तो रोममधला स्तंभ सन 113 चा. त्यावर बादशहानं आपली लढाई खालून वरपर्यंत गुंडाळून कोरून घेतली आहे, म्हणजे कोण जिंकलं याबद्दल शंका नको. आमच्या स्तंभाला कुणी मानस्तंभ म्हणतं, कुणी दीपमाळ. तो कुणाचंच खोडून काढत नाही. भाच्यानं मग सांगितलं, की कलोसियमचे दगड रोमच्याच लोकांनी शतकानुशतकं उचलून नेले आणि त्यातून चर्च बांधली, वाडे बांधले. म्हातारीनं हे लक्ष देऊन ऐकलं. मग समाधानानं मान हलवली. "म्हंजे आपल्यासारखीच मानसं हायेत की ती!"

मी मात्र पायरीवर बसून हिशेब करत होतो. तेहतीस वर्षं शाळेच्या सहलीचा प्रमुख मी. दर वर्षी वेरूळ, दर वर्षी अजिंठा. पहाटे चारला एसटी, दोन डब्यांचं जेवण, गाडी लागणारी पोरं खिडकीपाशी. आणि वीसेक किलोमीटरवरच्या या गावात मी एकाही पोराला आणलं नाही. चारठाणा ही सहलीची जागा असू शकते हे सुचलंच नाही, कारण तिथं आपे जाते. जिथं आपे जाते तिथं माणूस कामाला जातो, पाहायला नव्हे. शोफर शेजारी येऊन बसला. म्हणाला, "सर, मी हितं रोज येतो. पन उतरून आजच पाहिलं." गुरुशिष्यांचा भूगोल असा एकाच पायरीवर कच्चा निघाला. मी त्याला अंगठे धरायला लावले होते. आता कुणी कुणाला लावायचे, एवढाच प्रश्न होता.

परत फिरून उतरत्या उन्हात येलदरी गाठली. पूर्णेवरचं हे धरण 1968 सालचं; पायथ्याशी 22.5 मेगावॅटचं वीजघर. यंदा पाणी तुडुंब होतं. सूनबाईला ट्रेव्हीचं कारंजं आठवलं. तिथं पाण्याकडं पाठ करून डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणे. तिनं काठावर जाऊन पाठ फिरवली, नाणं काढलं. शोफर घाईनं पुढं झाला.

"ताई, नदीला पाठ नाही दाखवत. तोंड दाखवून टाकावं लागतंय."

"का?"

"कोन टाकलं ते तिला कळाया नको?"

त्यानं स्वतःच्या खिशातलं नाणं कपाळाला लावलं आणि टाकलं. मग तिनंही तसंच टाकलं. ट्रेव्हीतली नाणी गोळा करून गरिबांसाठी वापरतात, असं भाचा सांगत होता. येलदरीतलं नाणं गोळा करायला कुणी येत नाही. ते सरळ नदीच्या खात्यावर.

रात्री स्टँडवर हिशेब झाला. भाच्यानं दोन हजार काढले. शोफरनं पंधराशेच घेतले. टप नव्हता म्हणून कमी केले असं त्याचं म्हणणं. मग खिशातून वीस रुपये काढून भाच्याच्या हातावर ठेवले.

"हे काय?"

"म्हातारीचं सीट. गाडी आज तुमची व्हती."

भाच्यानं ती नोट पाकिटात वेगळी ठेवली. सातशे फोटो फोनमध्ये आहेत, पण पुण्याला गेल्यावर तो आधी ती नोट दाखवतो, असं बहीण सांगत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच आपेनं चारठाण्याला निघालो. एकटाच, जरा निवांत पाहावं म्हणून. टप पुन्हा जागेवर होता. आत अकरा जण, दोन कोंबड्या आणि तेलाचा एक डबा. नवा उत्साह होता, शेजारच्या गृहस्थाला म्हणालो, "डावीकडं बघा, कापूस काय फुटलाय!" त्यांनी डावीकडं पाहिलं. डावीकडं मी होतो.

मग फाट्यावर गाडी थांबली, आणखी एक पाय आत आला, आणि पुढून माझ्या विद्यार्थ्याची हाक आली.

"सर, सरा जरा."

मी सरलो.