न्याय्य युद्ध, गुण पाच

विद्यानगरच्या आमच्या शाळेत १७ सप्टेंबर म्हणजे झेंडावंदन, भाषणं आणि बुंदीचा लाडू. यंदा इतिहासाच्या सरांनी वर एक प्रश्नही घातला: ‘हैदराबादवरील कारवाई न्याय्य होती का? सकारण लिहा.’ सकारण म्हणजे गाइडमधल्या कारणांसह, एवढं आम्ही जाणतो.

मी लिहिलं: होती. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. आमचे पणजोबा नांदेडहून रातोरात निघाले. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ला निजामाने हात टेकले. इथवर लाल पेनाने ‘छान!’

पुढे लिहिलं, की त्यानंतर सुडापोटी गावोगाव निरपराध मुसलमान मारले गेले. नेहरूंनी चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला. आणि ज्याच्याविरुद्ध लढलो, तोच निजाम १९५०मध्ये हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला! इथे शेरा: ‘विषयांतर.’

पाचपैकी तीन मिळाले. म्हणजे न्याय साठ टक्के, फर्स्ट क्लास.

शेजारच्याने एकच ओळ लिहिली होती: ‘होती, कारण आपण जिंकलो.’ त्याला पाचपैकी पाच. शिवाय सरांनी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली.